वर्गात संगीत आणणाऱ्या संस्थेला हो म्हणण्याआधी तिच्या माणसांना काय विचारावं?

द्राक्षगाव (तासगाव तालुका):

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळा पहिली ते सातवी, पट ११२, शिक्षक पाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक सांगितलाय, पण सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. आमच्याकडे त्या वर्गांत मिळून ३७ मुलं आहेत. वाजवणारं कोणी नाही म्हणून शाळेची पेटी सहा वर्षं कपाटात आहे.

गेल्या महिन्यात एका संस्थेचे दोघं जण येऊन गेले. पाढे, अपूर्णांक, कविता, परिसर अभ्यास हे सगळं गाण्यातून आणि तालातून शिकवायचं, असं त्यांचं काम. फी नाही. बोलणं चांगलं वाटलं. शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे आणि मुख्याध्यापकांनी माझं मत विचारलंय.

मन कचरतंय, कारण चार वर्षांपूर्वी असंच कोणीतरी सहा कीबोर्ड घेऊन आलं होतं. उद्घाटन झालं, फोटो झाले. शिकवायला येणारा मुलगा खरोखर चांगला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही, फोनही लागेना. पाचवीतली एक मुलगी दोन्ही हातांनी वाजवायला लागली होती. ती होळीपर्यंत दर मंगळवारी मला विचारायची, "सर, दादा आज येणार?" मला उत्तर देता यायचं नाही.

म्हणून अभ्यासक्रमापेक्षा माणसांबद्दल विचारतोय. अशा संस्थेच्या मागे कोण माणसं असावी लागतात? आणि पहिल्याच भेटीत ते कसं ओळखायचं?

मिरजेच्या बाई:

सर, तुमच्या त्या मुलीचं वाचून जीव कळवळला. मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत काढली. निवृत्त व्हायच्या आधीची आठ आणि नंतरची चार वर्षं आम्ही काही जण मिळून हेच काम करत होतो, मिरज तालुक्यातल्या नऊ शाळांत. आमच्यात एकही नावाजलेला कलाकार नव्हता. मी प्रवेशिका पूर्णपर्यंत गाणं शिकलेली. दुसरे भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक शेतकरी दादा. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले काका, ते पावत्या आणि वेळापत्रक बघायचे. आणि चौथे सतारमेकर गल्लीतले एक कारागीर चाचा. त्यांनी आमच्याकडून दुरुस्तीचा पैसा कधी घेतला नाही.

तुम्ही पहिली चौकशी या चौथ्या माणसाची करा. वाद्य बिघडल्यावर कोण येणार? पेटीचा भाता फाटतो, ढोलकीची शाई उडते, पावसाळ्यात खुंट्या फुगतात. ज्या संस्थेकडे याचं उत्तर नाही, तिची वाद्यं दुसऱ्या वर्षी कपाटात जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हां सगळ्यांना अभिमान आहे. तुम्हाला त्यातला उपयोग असा की हाताला जाण असलेली ही माणसं तुमच्या शाळेपासून एसटीच्या अंतरावर आहेत.

चाचांनी आम्हाला एक फळी करून दिली होती. तुनाच्या लाकडाची, दोन्ही टोकांना घोडी, वर सतारीची एकच पोलादी तार. दोन घोड्यांमध्ये बरोबर ९० सेंटिमीटर. मुलं एक छोटा लाकडी ठोकळा तारेखाली सरकवायची आणि कानानं वरचा सा शोधायची. सापडला की पेन्सिलीची खूण, मग पट्टीनं मोजायचं. कोणाचे साडेचव्वेचाळीस यायचे, कोणाचे सव्वापंचेचाळीस. सगळे पंचेचाळीसच्या आसपास. तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, निम्मी तार!" मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर प शोधला, तो साठला, म्हणजे दोन तृतीयांश. मध्यम साडेसदुसष्टला, तीन चतुर्थांश. अपूर्णांक ऐकू येतो हे त्या पोरांना कळलं, आणि खरं सांगते, नीट असं मलाही त्याच दिवशी कळलं.

दुसरा धडा लसाविचा. अर्धा वर्ग दादरा ताल धरणार, सहा मात्रा. अर्धा वर्ग केरवा, आठ मात्रा. मात्रेची लय एकच. दोघांनी पहिल्या मात्रेवर मोठी टाळी द्यायची. पहिल्यांदा दोन्ही टाळ्या एकत्र, मग सुटतात, वर्गात गोंधळ, आणि मग अचानक पुन्हा एकच टाळी. चोविसाव्या मात्रेनंतर. दादऱ्याची चार आवर्तनं, केरव्याची तीन. ती टाळी एकत्र पडली की मुलं ओरडायची. पुस्तकातला लसावि त्यांना नंतर दोन मिनिटांत समजला.

आता मुद्द्याचं. हे दोन्ही धडे मी घेतले, बाहेरून आलेल्या कोणी नाही. पेटीवाले दादा आठवड्यातून एकदा यायचे, मला शिकवून जायचे, आणि उरलेले पाच दिवस वर्ग माझा असायचा. दादांच्या भावाचं लग्न निघालं, ऊसतोडीची गडबड आली, दोन-दोन आठवडे ते आले नाहीत, तरी वर्ग थांबला नाही. म्हणून त्या संस्थेला हे विचारा: तुम्ही मुलांना शिकवणार की आमच्या शिक्षकांना? नुसतं मुलांना म्हणाले तर शनिवारी नाही म्हणा. शिक्षकांना म्हणाले तर विचारा किती दिवस, कोणत्या वारी, आणि शिकवणारा माणूस राहतो कुठे. तासगावला येऊन-जाऊन ज्याचा अख्खा दिवस मोडतो तो माणूस कितीही गुणी असला तरी दिवाळीनंतर दमतो. त्याचा दोष नाही.

तालवाले (सातारा):

बाईंचा अनुभव मोठा आहे, त्यांना नमस्कार. पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कळकळीनं मांडतोय.

मी तबला शिकवतो, खासगी शिकवणी आणि दोन शाळा. "संगीतातून गणित" म्हणणाऱ्या संस्थांत मला हे दिसलं की वर्षाच्या शेवटी मोजणी फक्त गणिताची होते. पाढे किती आले ते विचारतात. सूर किती लागले हे कोणी विचारत नाही. मग ताल पाढ्याचा हमाल होतो. मुलाला गाणं गाण्यासाठी गायला मिळालं पाहिजे, त्यातून काही निघो अथवा न निघो. त्यामुळे त्या दोघांना विचारा की तुमच्यापैकी रोज रियाज कोण करतं? घरी, स्वतःसाठी. ज्याला स्वतःला गाण्याची भूक नाही त्याच्याकडून मुलांना ती लागत नाही.

हंगेरीत संगीतकार झोल्टान कोदाय यांनी आधी गावोगावची लोकगीतं गोळा केली आणि मग मुलांचं संगीत शिक्षण त्या गाण्यांवर उभारलं. १९५० मध्ये केचकेमेट शहरात रोज गायन असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. आपल्याकडे हादगा आहे. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळाव्या दिवशी सोळा. मुलीच्या आजीला ती गाणी येतात. आटपाडी-जतकडे गजी ढोल आहे, धनगरी ओव्या आहेत. संस्थेची माणसं आपली छापील गाणी घेऊन येतात की आधी गावात बसून ऐकतात, हे बघा. पहिल्या महिन्यात त्यांनी एका तरी आजीला शाळेत बोलावलं तर ती माणसं टिकतील, असं मी धरून चालेन.

बाईंच्या लसाविच्या धड्यात पुढे सात मात्रांचा रूपक ताल घ्यायचा असेल तर एक सांभाळा. सात आणि आठ, छप्पन्न मात्रांनी भेट होते, ते बरोबर. पण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीची असते, तिथे टाळी नसते; ठेका "तीं"नं सुरू होतो. मुलं "धा" शोधत राहिली तर चुकतील.

मिरजेच्या बाई:

तालवाले दादा, पटलं. रूपकाचं तर आमच्याकडून चुकलंच होतं, मुलं चौथ्या मात्रेच्या "धी"ला सम समजून टाळी द्यायची आणि गणित जुळायचं नाही. पेटीवाल्या दादांनी दुरुस्त केलं.

हादग्याचं म्हणाल तर सोळा दिवसांची गाणी किती होतात हे सहावीला काढायला दिलं होतं. १३६. एका मुलीनं पहिला आणि शेवटचा दिवस जोडून सतरा, अशा आठ जोड्या केल्या. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी गणिताचा तास संपल्यावर आम्ही मैदानात जाऊन पाटावर हत्ती काढून फेर धरला, आणि त्यातून काहीही मोजलं नाही. दोन्ही हवंय, दादा. पण तुमचा रियाजाचा प्रश्न मी माझ्या यादीत नव्हता घेतला, तो घ्यायला हवा होता.

हिशेबनीस (सांगली):

मी संस्थांचे हिशेब तपासतो, संगीतातलं काही कळत नाही. कागदांतूनही माणसं दिसतात, तेवढं सांगतो.

धर्मादाय कार्यालयातली नोंदणी असेल तर पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं तशीच असतील तर कामाकडे कोणाचं लक्ष नाही असं समजा. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी असेल तर संचालकांची यादी मागा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब बघताना एकच आकडा शोधा: शिकवणाऱ्या माणसांचं मानधन. कार्यक्रम, छपाई, बॅनर यांचा खर्च मानधनापेक्षा जास्त दिसला तर चार वर्षांपूर्वीचाच प्रकार पुन्हा होईल. आणि विचारा की निधी किती वर्षांचा मिळालाय. एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, एका वर्षाचाच असेल तर त्यांनी तसं आधी सांगावं, तुम्ही मुलांना तसं सांगाल.

मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी मागा. यात संकोच करू नका, चांगली माणसं स्वतःहून देतात.

पैशावरून एक आठवलं. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, कुरुंदवाडचे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, राजाश्रयाशिवाय, लोकांच्या देणग्यांवर. पुढे मुंबईत इमारत बांधली आणि कर्जापायी ती हातची गेली. पण त्यांनी शिष्य वर्षानुवर्षं जवळ ठेवून शिकवणारे तयार केले होते. ते १९३१ मध्ये गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. बाई ज्या प्रवेशिकेचं म्हणतात ती परीक्षा याच मंडळाची. म्हणून त्या संस्थेला हेही विचारतो मी: तुम्ही उद्या नसलात तर शिकवायला तयार असं कोण आहे?

द्राक्षगाव:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या दोघांना फोन केला. शिक्षकांना शिकवणार का, हे विचारल्यावर त्यांच्यातल्या ताई म्हणाल्या की पहिले तीन महिने त्या फक्त शिक्षकांबरोबरच बसतात, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर. राहायला विट्याला आहेत. रियाजाचं विचारलं तर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, मूल लहान आहे, पहाटे अर्धा तास होतो, कधी तोही होत नाही. मला ते उत्तर आवडलं. निधी दोन वर्षांचा आहे, पुढचं ठरलेलं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं. उतारा आणि हिशेब गुरुवारपर्यंत पाठवतायत.

दुरुस्तीसाठी मात्र त्यांच्याकडे कोणी नाही. बाई, चाचा अजून काम करतात का? कपाटातली पेटी मी रविवारी मिरजेला घेऊन येऊ शकतो.

मिरजेच्या बाई:

चाचा आता बसत नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. तो सतारीचं काम करतो, पण पेटीवाला त्याच्या ओळखीचा आहे, तिथे घेऊन जाईल. दहाच्या आत या, उन्हाच्या आधी. पेटी गोधडीत गुंडाळून आणा, एसटीत भात्याला धक्का बसतो. आणि ती मुलगी आता सातवीत असेल ना, शक्य झालं तर तिलाही घेऊन या.

द्राक्षगाव:

ती आता नववीत आहे, तासगावच्या हायस्कूलला जाते. पण राहते गावातच, माझ्या घरामागे. आज संध्याकाळी तिच्या आईला विचारतो.