पहिलीच्या वर्गात दशक-एकक हाताने कसे शिकवावे?

प्रश्न (शिक्षिका, करवीर तालुका): माझ्या वर्गातील मुले शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतात, परंतु ‘पंचवीस’ लिहायला सांगितले की बरीच जण ५२ लिहितात. फळ्यावर समजावून उपयोग होत नाही. कृपया हाताने करण्याजोगा उपक्रम सुचवावा.

प्रतिसाद १: बाई, ही मुलांची चूक कमी आणि भाषेची खोड अधिक आहे, कारण ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना मात्र दोन आधी येतो. (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला होता!) मी ज्वारीच्या ताटांचे बोटभर तुकडे आणते, दहा-दहांच्या जुड्या मुलांकडूनच बांधून घेते आणि जुड्या डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे मांडायला लावते. जुड्या आयत्या देऊ नका. बांधतानाच दशक उमगते.

प्रतिसाद २: चिंचोकेही चालतात, मात्र मुले ते तोंडात घालतात, म्हणून लक्ष ठेवावे.

प्रतिसाद ३: जुड्या जमल्यावर वर्गात गुळाचे दुकान मांडावे. दहाच्या खोट्या नोटा आणि रुपयाची नाणी दिली की पंचवीस रुपयांसाठी दोन नोटा आधी मोजाव्या लागतात, आणि कोल्हापूरच्या मुलांना गुळाचा व्यवहार वेगळा शिकवावा लागत नाही.