शिबिरात समुद्रमेथी लावा

‘मुलांच्या दोन आठवड्यांच्या उन्हाळी शिबिरात पीक हाती येत नाही, म्हणून त्यांच्याकडून नुसत्या कुंड्या रंगवून घेतात’ असं कुणीकुणी म्हणतं, ते पटलं नाही. बाजारात पांढऱ्या मुळांसकट कोवळ्या मेथीच्या बारक्या जुड्या मिळतात ती समुद्रमेथी आपल्या मुंबईचीच. किनाऱ्यालगतच्या रेतीत होते आणि साधारण दोन आठवड्यांत काढायला येते.

आमच्या सोसायटीच्या शिबिरात पसरट ट्रेमध्ये रेतीमिश्रित माती भरून स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले होते. दोन-तीन दिवसांत कोंब दिसले. मे महिन्यात ट्रे दुपारी सावलीत हवेत, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं मुलांवरच सोपवा. रेती जाईपर्यंत भाजी धुवायलाही त्यांनाच लावा. एरवी पालेभाजीला हात न लावणाऱ्यांनी ती मागून खाल्ली.