क्रॉफिशचा तुटवडा आदल्या उन्हाळ्यातच ठरला होता

'जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात पाऊस झाला, मग क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, लहान लॉब्स्टरसारखा दिसणारा जीव) स्वस्त का झाली नाही? व्यापाऱ्यांनी माल दाबला का?' असं विचारलंय. माझ्या मते व्यापाऱ्यांना दोष देणं चूक आहे. पाऊस आला तेव्हा वेळ निघून गेली होती.

तिथली बरीचशी क्रॉफिश भाताच्या खाचरांत वाढते. उन्हाळ्यात खाचरातलं पाणी काढलं की मादी ओल्या मातीत बीळ करून खाली जाते, चिखलाच्या गोळ्यांनी तोंड बुजवते आणि शेपटीखाली अंडी धरून आत बसते. ऑक्टोबरच्या सुमारास पाणी सोडलं की पिल्लं घेऊन वर येते. २०२३ला दुष्काळात जमीन भेगाळली, बिळांतली ओल गेली आणि कितीतरी माद्या आतच मेल्या. नंतर पाऊस पडून पिल्लं येणार कुठून?

म्हणून हंगामाच्या सुरुवातीला जिवंत क्रॉफिश पौंडाला १० डॉलरच्या वर गेली. चढ्या भावाने शेतकऱ्याचं भलं झालं असंही नाही. आमिष, डिझेल, मजुरी सगळं तेवढंच, आणि पिंजरा उचलावा तर तळाशी दोन-चारच. राज्य विद्यापीठाच्या कृषी केंद्राने संभाव्य नुकसान सुमारे १४ कोटी डॉलर धरलं; मार्चमध्ये गव्हर्नर जेफ लँड्री यांनी आपत्ती जाहीर केली.

चीनहून सोललेलं, गोठवलेलं मांस येतं, पण मोठ्या पातेल्यात मका-बटाट्यांबरोबर उकडायला जिवंतच लागते. ती कुठून आणणार?