मदत हवी आहे: रं म्हणताना डोळ्यांपुढे अंधारी येते

घाईतला
नमस्कार. पंचतत्त्वांच्या संतुलनासाठी महिनाभर बीजमंत्र करतोय. लं (पृथ्वी), वं (जल), रं (अग्नी), यं (वायू), हं (आकाश). लं-वं मजेत होतात. रं आला की छातीत धडधड, कानशिलं गरम. काल तर काजवे चमकले, देवघराची चौकट धरून उठलो. अग्नितत्त्व वाढलंय का? वं दुप्पट करू की रं गाळू? नेमकं सांगा, उद्या पहाटे परत बसायचंय. "गुरू करा" सांगू नका, ते माहीत आहे.

चिंगी७
किती वेळा म्हणता? मोठ्यानं की मनात?

घाईतला
नेहमीसारखंच हो. मनात. चहा झाल्यावर.

शेंडीवाले गुर्जी
नेहमीसारखं म्हणजे कसं? भूतशुद्धी करताय की चक्रांवर जप? भूतशुद्धी म्हणजे देहातली पंचतत्त्वं शुद्ध करायचा विधी, पूजेआधीचा. त्यात यं-नं शोषण, रं-नं दहन, वं-नं प्लावन (भिजवणं), लं-नं देह पुन्हा घट्ट. तुमचा क्रम मूलाधाराकडून (कण्याच्या तळाशी) विशुद्धीकडे (कंठाशी) वर चढणारा, म्हणजे चक्रांचा. दोन्हीची मिसळ झालेली दिसते.

सुगरण_नसलेली
रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवून सकाळी प्या. माझ्या सासूबाईंचं पित्त गेलं.

घाईतला
पित्ताचं विचारलेलं नाही ताई. गुर्जी, व्हिडिओ बघून करतो. त्यात 16-64-32 सांगितलंय.

चिंगी७
म्हणजे 16 मोजत श्वास घ्यायचा, 64 मोजत कोंडायचा, 32 मोजत सोडायचा??? हे आधी नाही का सांगायचं!

घाईतला
मला वाटलं ते कळेलच. आणि फक्त रं-लाच करतो. बाकीचे साधे, माळेवर 108. पोट सुटलंय, म्हणून म्हटलं अग्नी जरा पेटवावा.

खवट_म्हातारा
झालं निदान. अग्नी नाही नि वायू नाही. 64 मोजेपर्यंत नाक दाबलं तर बैलालाही काजवे दिसतील.

शेंडीवाले गुर्जी
खवटराव, थट्टा नको. हे प्रमाण घेरंडसंहितेत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आहे, पाचव्या उपदेशात. पण तिथे आधी यं, मग रं, आणि शेवटी चंद्राचं ध्यान करून ठं-नं पूरक (श्वास घेणं), वं-नं कुंभक (रोखणं), लं-नं रेचक (सोडणं). पेटवलं की निववायचंही सांगितलंय. तुम्ही मधलाच तुकडा उचललात. शिवाय तिथेच आरंभ वसंतात किंवा शरदात करावा म्हटलंय, ग्रीष्मात नव्हे.

खवट_म्हातारा
म्हणजे ठं म्हटलं की रक्तदाब उतरतो? कमाल आहे.

शेंडीवाले गुर्जी
असं मी कुठे म्हटलं? 1:4:2 प्रमाण पहिल्या महिन्यात कुणालाच देत नाहीत, एवढंच म्हणतोय.

आजीचा बटवा
वं दुप्पट केल्यानं थंडावा येईल हा हिशोब आयुर्वेदातही बसत नाही. पित्त म्हणजे अग्नी आणि जल दोन्ही. कफ म्हणजे जल आणि पृथ्वी. बेरीज-वजाबाकी इतकी सोपी नसते.

पायपीट
अवांतर: पाच तत्त्वांची पाच शिवस्थानं आहेत. कांचीपुरमला पृथ्वी, तिरुवनैकावलला जल, तिरुवण्णामलैला अग्नी, श्रीकालहस्तीला वायू, चिदंबरमला आकाश. श्रीकालहस्ती आंध्रात, बाकी चारही तमिळनाडूत. आम्ही सगळी केली. चिदंबरमला सकाळी लवकर जा. फोटो हवे असतील तर सांगा.

चिंगी७
पायपीटकाका, नवा धागा काढा ना! @घाईतला, रक्तदाब आहे का तुम्हाला?

घाईतला
आहे थोडासा. गोळी चालू आहे. म्हणजे मध्यंतरी बंद केली होती, मंत्रांनी बरं वाटत होतं म्हणून.

चिंगी७
_/\_

खवट_म्हातारा
चहा, बंद केलेली गोळी, वर कोंडलेला श्वास. आणि दोष बिचाऱ्या रं-चा.

शेंडीवाले गुर्जी
यात मात्र खवटरावांना +१. कुंभक आजपासून बंद. डॉक्टरांना सगळं सांगा, गोळी बंद केल्याचंही. जप करायचाच तर श्वास न रोखता करा. नाहीतर रोजचं अथर्वशीर्ष म्हणा की, "त्वं भूमिरापोऽनलोऽनिलो नभः" म्हणताना पाचही तत्त्वं येतात, आणि मूलाधारही पुढच्याच ओळींत आहे.

सुगरण_नसलेली
पण तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी ठेवू नका हं, सांगायचं राहिलं.

घाईतला
आत्ता शेजाऱ्यांच्या यंत्रावर मोजला. 164/98. बायकोनं उदबत्तीसकट आसन उचलून माळ्यावर टाकलं. सकाळी साडेनऊला डॉक्टरकडे जातोय, धन्यवाद सगळ्यांना. पण ते वं दुप्पट करायचं राहिलंच. श्वास न रोखता चालेल का?

चिंगी७
आधी डॉक्टर!!

पायपीट
नवा धागा काढलाय. 43 फोटो आहेत, उघडायला वेळ लागेल.