ब्यॉर्नसन म्हणजे ब्यॉर्नचा मुलगा ना? मग वडील पेडर कसे?

ताम्हण:
आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी 'आंधळ्यांची शाळा'वर दोन पानं लिहितेय. वर्तकांचं नाटक, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 1933 साली रंगमंचावर आणलं आणि मूळ कथानक नॉर्वेच्या ब्यॉर्नसन या नाटककाराचं. मी लिहिता लिहिता एक वाक्य घातलं की नॉर्वेत ब्यॉर्न म्हणजे अस्वल, तेव्हा ब्यॉर्नसन म्हणजे ब्यॉर्न नावाच्या माणसाचा मुलगा. मुद्रितं तपासणाऱ्या काकांनी त्याला लाल पेनानं गोल केलं आणि बाजूला लिहिलं, "वडलांचं नाव पेडर. वाक्य काढा." शोधलं तर खरंच, वडील पेडर ब्यॉर्नसन, क्विक्ने गावचे पाद्री. मग हे 'सन' कुणाचं? आणि माझा मुख्य प्रश्न वेगळाच आहे, हे नाव मराठीत लिहायचं कसं? मला आतापर्यंत ब्यॉर्नसन, ब्योर्नसन आणि जॉर्नसन असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलंय.

उत्तरवारा:
काका बरोबर आहेत पण तुमचंही चुकलेलं नाही. पूर्वी नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन सगळीकडे दर पिढीला नाव बदलायचं, येन्सचा मुलगा नील्स तो नील्स येन्सेन, त्याचा मुलगा हान्स झाला तर तो हान्स नील्सेन. मग सरकारला कर, सैन्य, वारसा यांच्या नोंदी ठेवताना त्रास व्हायला लागला. डेन्मार्कमध्ये 1828 च्या फर्मानानं घराण्याचं नाव कायम करायला सांगितलं, स्वीडनमध्ये 1901 साली नियम झाला, नॉर्वेत 1923 चा कायदा. पण पाद्री, व्यापारी, शहरातली माणसं यांनी कायद्याच्या आधीच एक नाव धरून ठेवलेलं. म्हणजे कुठल्यातरी पूर्वजाचं नाव ब्यॉर्न, ते तिथेच गोठलं. नॉर्वेचाच नाटककार इब्सेन, त्याचंही तेच, इब हे याकोबचं डॅनिश रूप, पण इब्सेनच्या वडलांचं नाव क्नूड.

खडूफळा:
इथे एक शब्द जपून वापरावा ही विनंती. 'आडनाव' हा आपला शब्द घराण्याच्या नावासाठी आहे. वडलांच्या नावावरून जे पडतं ते पितृनाम. ब्यॉर्नसनच्या बाबतीत पितृनामाचं आडनाव झालं, असं वाक्य ताईंनी लिहिलं तर ते काढायची गरजच उरत नाही.

ताम्हण:
हे फार उपयोगी पडलं, मनापासून आभार! पण लिहायचं कसं ते राहिलं.

डोंगरवाट:
खडूफळा सर, पितृनाम हा शब्द पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडी मी ऐकला नाही. आपण फॉर्म भरताना 'वडलांचं नाव' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. स्मरणिका नाटकवेडी माणसं वाचणार, त्यांना 'बापाच्या नावाचं आडनाव झालं' असं सांगितलं की पुरे.

खडूफळा:
कळतं म्हणून संज्ञा सोडून द्यायची, हे मला पटत नाही. आइसलँडचं उदाहरण घ्या. तिथे आजही बहुतेकांना आडनाव नाही, फक्त पितृनाम, क्वचित मातृनाम. 1925 च्या कायद्यानं नवी कुलनामं घ्यायला बंदीच घातली. टेलिफोनची छापील यादीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असायची. राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर 1980 साली निवडून आल्या, त्यांना आपल्या वर्तमानपत्री पद्धतीनं नुसतं 'फिन्बोगादोत्तिर' म्हणणं म्हणजे 'फिन्बोगीची मुलगी' अशी हाक मारणं. तिथे त्या विग्दिसच. आता 'आडनाव' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर हा फरक मराठी वाचकाला कसा कळायचा?

पोफळी:
दोत्तिर वाचून राहवलं नाही. आमच्या कोंकणीत मुलीला धूव म्हणतात, संस्कृत दुहिता आणि हे दोत्तिर एकाच मुळातले. माझी आजी "म्हजी धूव" म्हणायची तेव्हा ती आइसलँडच्या बाईच्या किती जवळ होती! सन आणि सूनु पण तसंच. मग आपली सून पण त्यातलीच का?

खडूफळा:
नाही. सूनु म्हणजे पुत्र, तो आणि सन एका कुळातले हे खरं. पण सून आली स्नुषा या शब्दावरून, ते वेगळं मूळ.

डोंगरवाट:
आणि सेन? बंगाली सेन आणि डॅनिश सेन यांचं काही नातं असणार असं मला फार वर्षं वाटतंय.

उत्तरवारा:
नाही हो, डॅनिश सेन हे 'सन'चंच झिजलेलं रूप, मुलगा. बंगाली सेन 'सेना'कडून आलं. आणि अजून एक, आडनाव गोठलं तेव्हा बायकांचंही गोठलं. आधी नील्सची मुलगी नील्सदात्तर असायची, ती नंतर नील्सेन झाली, म्हणजे कागदोपत्री नील्सचा मुलगा. आज डेन्मार्कमध्ये नील्सेन, येन्सेन, हान्सेन ही सगळ्यात जास्त आढळणारी आडनावं, त्यातल्या निम्म्या बायका.

आता ताम्हणताईंच्या प्रश्नाकडे येतो कारण त्यात माझा खूप जीव आहे. मी अकरा वर्षं स्टॉकहोममध्ये राहतोय. इथे ब्यॉर्न असं कुणी म्हणत नाही. र आणि न जवळ आले की र नाहीसा होतो आणि न चा ण होतो, आपला अगदी मूर्धन्य ण. जीभ टाळूला वळवूनच म्हणतात, ब्यॉण. ऑफिसात एक लार्स आहे, त्याला मी पहिल्या दिवशी 'लार्स' म्हटलं तर तो हसून म्हणाला, पुन्हा म्हण. तो 'लाष' आहे! र आणि स मिळून ष, षट्कोनातला ष. तसंच अँडरसन नाहीच, अन्देषॉन. इंग्रजीला हे लिहिता येत नाही, इंग्रजीत ण कुठाय? आपल्या बाराखडीत ही अक्षरं तयार बसलेली असताना आपण इंग्रजी स्पेलिंग बघून मराठी लिहितो, याचं मला वाईट वाटतं. ऑस्लोकडेही र्न चा ण होतो. म्हणून माझं मत, ब्यॉण्सॉन लिहा.

ताम्हण:
बापरे, ष! आपण शाळेत 'पोटफोड्या ष' पाठ करून घेतला, त्याचा खरा उच्चार मी आज पहिल्यांदा कुणी करतंय असं ऐकलं.

खडूफळा:
माहिती मोलाची आहे. पण ब्यॉण्सॉन छापलं तर एकाही वाचकाला हा तोच नाटककार हे ओळखू येणार नाही. मराठी नाट्यसमीक्षेत ब्यॉर्नसन रुळलंय. रूढीलाही मान असतो.

उत्तरवारा:
सर, मघाशी पितृनामासाठी रूढी बाजूला ठेवायला तुम्हीच सांगत होतात.

खडूफळा:
संज्ञा नेमकी हवी आणि विशेषनाम ओळखू येणारं हवं, यात विरोध नाही. शिवाय आपण म्हणता तो ण सगळीकडे आहे का? नॉर्वेतल्या बेर्गनचे लोक र घशातून काढतात.

उत्तरवारा:
हे मान्य. बेर्गन आणि इथे दक्षिणेला स्कोने, दोन्हीकडे ण होत नाही. पण ब्यॉर्नसन स्वतः कसं म्हणत असतील ते बघा, क्विक्ने बेर्गनपासून बरंच लांब, पूर्वेच्या डोंगरात.

डोंगरवाट:
मला यात दुसरंच काही दिसतंय. जुन्या नॉर्वेजियन शेतकऱ्याचं नाव तीन तुकड्यांचं असायचं. स्वतःचं, बापाचं आणि तिसरं शेताचं, उदाहरणार्थ उले हान्सेन हाउगेन. हाउगेन म्हणजे टेकाड, बाक्केन म्हणजे उतार, दाल म्हणजे दरी. अगदी आपल्यासारखं नाव, वडलांचं नाव आणि गावावरून 'कर'. फरक एवढाच की तिथे माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की तिसरं नाव बदलायचं. आमचं घराणं मूळ गाव सोडून चार पिढ्या झाल्या तरी आडनाव त्याच गावाचं. कादंबरीकार क्नूट हाम्सूनचं जन्मनाव पेडरसेन, हाम्सूंड या शेतावरून हाम्सून झालं, शेवटचा ड गळाला.

पोफळी:
मग स्वीडनची ती लिंडबेरी, लिंडग्रेन, लिंडक्विस्ट कुठून आली? एवढे सगळे एकाच झाडाखालचे?

उत्तरवारा:
लिंड म्हणजे लिंडनचं झाड, ग्रेन फांदी, क्विस्ट डहाळी, बेरी डोंगर. अन्देषॉन इतके झाले की लोकांनी निसर्गातले दोन शब्द जोडून नवी आडनावं घेतली. सैन्यातही एका तुकडीत दहा अन्देष असायचे, मग त्यांना मूदिग म्हणजे शूर, रास्क म्हणजे चपळ, अशी नावं द्यायचे आणि ती पुढे मुलांना लागली. झाडाची सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसची. त्याचे वडील नील्स इंगेमार्सन विद्यापीठात गेले तेव्हा आडनाव हवं होतं, घराच्या जमिनीवर एक मोठं लिंडनचं झाड होतं, त्यांच्या बोलीत 'लिन्', त्यावरून लिनेयस. त्याच झाडावरून नात्यातल्यांनी टिलियांडर आणि लिंडेलियस अशी नावं घेतली. एका झाडाची तीन आडनावं! आणि ज्याचं नाव झाडावरून पडलं त्या घरातल्या मुलानं पुढे जगभरच्या झाडांना नावं दिली, आपल्या आंब्याला मॅंजिफेरा इंडिका त्यानंच म्हटलं.

ताम्हण:
शुक्रवारी स्मरणिका छापायला जातेय. वाक्य असं केलंय: 'ब्यॉर्नसन हे पूर्वी वडलांच्या नावावरून पडणारं नाव, त्यांच्या घराण्यात ते आडनाव होऊन राहिलं. ब्यॉर्न म्हणजे अस्वल.' काकांना दाखवलं, त्यांनी यावेळी 'ब्यॉर्न'च्या र्न भोवती गोल केलाय आणि प्रश्नचिन्ह टाकलंय. मी त्यांना ण बद्दल सांगून बसले होते.

खडूफळा:
ठेवा ब्यॉर्नसन. मी अजून त्याच मताचा आहे.

उत्तरवारा:
निदान एकदा कंसात ब्यॉण लिहा ताई, एकदाच.

पोफळी:
लिंडनला मराठीत काय म्हणायचं, कुणाला माहितेय का?