बँकॉक: गेलेल्यांनी सांगा, जाणाऱ्यांनी वाचा

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन बँकॉकला निघालोय. दोघंही सत्तरीचे, आईला मांस-मासे-अंडं काही चालत नाही. पॅकेज टूर नको म्हणून सगळं आपलं आपण ठरवतोय. काय बघायचं त्याच्या याद्या ढीगभर मिळाल्या. हवंय ते तिथे पाय ठेवल्यावर कळतं असं: राहायचं कुठे, फिरायचं कशाने, खायचं काय, पैसे कुठे गळतात. जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये राहणारी

हॉटेल शोधताना स्विमिंग पूल नंतर बघा, आधी स्टेशन बघा. संध्याकाळी इथलं ट्रॅफिक असं तुंबतं की तीन किलोमीटरला पाऊण तास सहज जातो, आणि त्या वेळी डोक्यावरून स्कायट्रेन सुसाट जात असते. ही बीटीएस, १९९९ पासूनची. भुयारी मेट्रो म्हणजे एमआरटी, ती २००४ मध्ये आली. दोन्हींची तिकिटं वेगळी. एमआरटीच्या गेटवर आपलं टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. बीटीएसचं पैसे भरून वापरायचं रॅबिट कार्ड काढायचं असेल तर खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो.

सुखुमवित रस्त्यावर हॉटेलं खूप, आणि पत्त्याचा गोंधळही तिथेच. गल्लीला इथे सोई म्हणतात. विषम आकड्यांच्या सोया एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, पण समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. थाँग लो म्हणजे सोई ५५, आणि तिच्यासमोर येते सोई ३८! शिवाय काही सोया आत किलोमीटरभर जातात. ‘स्टेशनच्या सोईत’ असं लिहिलेलं हॉटेल गल्लीच्या दुसऱ्या टोकाला निघू शकतं. नकाशावर चालत किती मिनिटं ते मोजूनच बुकिंग करा. लिफ्ट प्रत्येक एक्झिटला नसते, त्यामुळे आई-बाबांसाठी लिफ्टवाल्या एक्झिटचा आकडा लिहून ठेवा. इथल्या जिन्यांनी चांगल्या चांगल्यांचे गुडघे बोलतात.

ठाण्याहून

विमानतळ दोन आहेत, तिकिटावर नीट बघा. बरीच स्वस्त विमानं डॉन म्युआंगला उतरतात, बाकीची सुवर्णभूमीला. सुवर्णभूमीहून रेल्वे थेट फया थाईला जाते, शेवटपर्यंतचं भाडं ४५ बाट, आणि तिथे बीटीएस मिळते. एकटे असाल तर डोळे झाकून हीच घ्या. चौघं आणि बॅगा असतील तर टॅक्सी बरी. तळमजल्यावर यंत्रातून चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या आकड्याच्या लेनमध्ये जायचं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, वर विमानतळाचे ५० बाट आणि टोल आपण भरायचा. बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, आपल्या मुंबईसारखीच, त्यामुळे दोन मोठ्या बॅगांत डिकी भरते. चिठ्ठी घेताना मोठी गाडी मागा.

आणि तिथे पोचायच्या आधी तीन दिवसांत टीडीएसी हा थायलंड-प्रवेशाचा डिजिटल अर्ज भरायचा असतो, १ मे २०२५ पासून तो सक्तीचा आहे. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजा. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा तिकिटाआधी ताजा नियम बघा.

पुण्याहून, कट्टर शाकाहारी

‘नो मीट’ म्हटलं की समोरची बाई हसून मान डोलावते आणि भाजीत नाम प्ला ओतते. नाम प्ला म्हणजे मासळीचं सॉस, इथल्या स्वयंपाकात ते मिठासारखं पडतं. ऑयस्टर म्हणजे कालवांचं सॉस वेगळंच. म्हणून ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. विचारायचं ते ‘जे’. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरांत ते लिहिलेलं असतं, त्या अक्षराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जे म्हणजे मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. माझ्या जैन मैत्रिणीने तिथे माझ्यापेक्षा निर्धास्त खाल्लं. साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास नऊ दिवसांचा जे उत्सव येतो, तेव्हा चायनाटाउनभर पिवळे झेंडे लागतात.

पोळी-भाजीची आठवण झाली तर फाहुरातला जा. पंजाबी मंडळींची जुनी वस्ती, मोठा गुरुद्वारा, कापडाची दुकानं आणि मध्येच गरम समोसे. प्रतुनामलाही भारतीय हॉटेलं आहेत, पण तिथे मेन्यूवरचा भाव आधी वाचा. बाकी आंबा आणि चिकट भात नारळाच्या दुधात, त्याला कुणाची परवानगी लागत नाही!

नाशिकहून

ग्रँड पॅलेस म्हणजे तिथल्या राजवाड्याच्या भिंतीजवळ इस्त्रीचा शर्ट घातलेले एक सज्जन भेटले. ‘आज पूजा आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर वीस बाटमध्ये टुकटुक रिक्षा तुम्हाला चार देवळं दाखवेल.’ इंग्रजी छान, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. मी आभार मानले आणि पन्नास पावलं पुढे गेलो, तर गेट सताड उघडं आणि तिकिटाला रांग. त्या वीस बाटच्या फेरीचा शेवट रत्नांच्या नाहीतर सुटाच्या दुकानात होतो. खिडकीवर स्वतः विचारल्याशिवाय काहीही बंद नसतं. तिकीट ५०० बाट, साडेआठला उघडतो, दुपारी साडेतीनला तिकिटं बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही.

सांगलीहून, निवृत्त

मला विचाराल तर त्या शहरात नदीसारखं वाहन नाही. बीटीएसने सफान ताक्सिनला उतरायचं, खालीच साथॉनचा धक्का. तिथे रंगीत पर्यटक बोटीच्या तिकिटासाठी हाका मारतात, त्यांना ओलांडून केशरी झेंड्याची बोट विचारायची. कुठेही उतरा, १६ बाट. कंडक्टर बाईच्या हातात लांब पत्र्याची नळी असते, त्यातच नाणी आणि त्यातच तिकिटं. ती खुळखुळवत गर्दीतून येते आणि तिकीट नळीच्या झाकणात चापून फाडून देते. धक्का आला की मागचा पोरगा शिट्ट्यांवरच चालकाला सांगतो, किती मागे, किती डावीकडे. बोट जेमतेम टेकते, चढणारे-उतरणारे एकदम सुटतात, म्हणून आधीपासून दाराशी उभं राहा. वयस्कर माणसाला हात द्या. भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथे बसू नका.

ता तियेनच्या धक्क्याला उतरलं की वाट फो (‘वाट’ म्हणजे देऊळ) चालत. पहुडलेला बुद्ध ४६ मीटरचा, एका दमात नजरेत मावत नाही. त्याच्या पाठीमागे १०८ वाडगी आहेत, त्यांत लोक एकेक नाणं टाकत जातात, तो किणकिणाट देवळाबाहेरही ऐकू येतो. पलीकडच्या वाट अरुणला नेणारी होडी त्याच धक्क्यावरून सुटते, भाडं पाच बाट. तिथले वरचे जिने मात्र फार उभे. आमची ही खालीच बसली आणि काही बिघडलं नाही.

गोव्याहून

पैशाचं थोडक्यात. एटीएम दर वेळी परदेशी कार्डावर २२० बाट किंवा जास्तच कापतं, म्हणून चिल्लर काढत बसू नका. डॉलर न्यायचे तर कोऱ्या नोटा. सुवर्णभूमीच्या आगमन मजल्यावर भाव वाईट असतो, तळघरात रेल्वेच्या दाराशी असलेल्या काउंटरवर बराच बरा.

ई-सिगरेट नेऊ नका, तिथे बेकायदा आहे. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, आपणही थांबायचं. राजघराण्यावर विनोद अजिबात नको, त्याला तुरुंग आहे. आणि एक आनंदाची गोष्ट, टॉयलेटात जेट असतो.

बँकॉकमध्ये राहणारी, पुन्हा

आई-बाबांसाठी एक दिवस मांडून देते. डिसेंबरात हवा त्यातल्या त्यात बरी, तरी दुपारी ऊन चटकतं. राजवाडा उघडतानाच आत शिरा, साडेदहापर्यंत बाहेर पडा. मग वाट फो, तिथे देवळाच्या आवारातच मसाजची शाळा आहे, बाबांचे पाय दाबून घ्या. जेवण आणि दुपार सयामच्या एखाद्या मॉलमध्ये, एसी आणि बसायला जागा. जवळच सेंट्रल वर्ल्ड मॉलसमोर गणपती आहे, थाई लोक झेंडूच्या माळा घेऊन येतात, आईला आवडेल. चतुचक बाजार मुख्यतः शनिवार-रविवारचा, पण तिथे दोघांना नेऊ नका, तुम्ही एकटे जा.