वेगवेगळ्या रॅम एकत्र टाकल्या तर बिघडतं कुठं?

फ्लेक्सवाला (विश्रामबाग, सांगली)

स्पष्टच बोलतो. "रॅम जोडीनंच घ्या, नाहीतर घेऊ नका" हा उपदेश ज्याच्या खिशात दोन रॅमचे पैसे आहेत त्यानं स्वतःसारख्यालाच करावा.

माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या डिझाइनचं दुकान आहे. मशीन २०१८ चं, आठव्या पिढीचा आय-५, एच३१० मदरबोर्ड, रॅमला दोनच स्लॉट. एकात तेव्हापासूनची ८ जीबी डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी), २४०० च्या वेगाची. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला थांबले म्हणून ११ घातली. आता कोरलमध्ये (आमचा डिझाइनचा प्रोग्राम) वीस बाय दहाचा वाढदिवसाचा फ्लेक्स उघडला की माउससुद्धा विचार करून हलतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्के. कधी तर कोरल आपोआप बंदच होतं, आणि नेमकं तेव्हाच समोर "भाऊंचा फोटो अजून मोठा करा" म्हणणारा उभा असतो.

मित्राकडून दुसऱ्या कंपनीची ८ जीबी मिळतेय, ३२०० ची. दुकानदार म्हणतो, मिक्स चालत नाही, जुनी काढा, दोन नव्या घ्या. एआयच्या सर्व्हरांनी चिपा ओढून नेल्यापासून रॅमचे भाव कुठल्या कुठं गेलेत, आणि हे म्हणे दोन घ्या!

गणित मांडतो. चॅनेल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता. एका चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट. २४०० ची, म्हणजे सेकंदाला २४० कोटी खेपा करणारी, एकटी रॅम सेकंदाला १९.२ जीबी ओढते. नवी ३२०० ची एकटी लावली तर कागदावर २५.६, पण माझा प्रोसेसर २६६६ च्या वर जातच नाही, म्हणजे २१.३ वर गाडी अडली. दोन्ही लावल्या की दोन्ही २४०० वर चालतील, पण चॅनेल दोन झाले, ३८.४. खिलाऱ्याशेजारी म्हातारा बैल जुंपला तर नांगर सावकाश चालेल, पण चालेल. एकट्या खिलाऱ्याला जू कुठनं लावणार?

मिरजेचा टेबलवाला

भावा, तुझं गणित बरोबर आहे आणि तरीही तू चुकतोयस. म्हातारा बैल मध्येच बसला तर?

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर "नवीन रॅम टाकल्यापासून हँग होतोय" म्हणून येणाऱ्या मशीन काही कमी नाहीत. रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या रॅमचा वेग, टायमिंग (किती ठोक्यांत उत्तर द्यायचं ते), व्होल्टेज लिहिलेलं असतं. बोर्ड दोन्हींचं वाचतो आणि दोघींना झेपेल असं काहीतरी ठरवतो. बहुतेक वेळा ठरतंय. पण बारीकसारीक टायमिंग बोर्ड स्वतःच्या अंदाजानं लावतो, आणि तो चुकला तर मशीन लगेच बंद पडत नाही. मे महिन्यात दुपारी अडीचला, पत्र्याच्या शेडमध्ये पडतं. मग गिऱ्हाईक मला फोन करतं, तुला नाही.

कंपनी जोडी विकते तेव्हा त्या दोन स्टिक एकत्र तपासलेल्या असतात, पैसे त्याचे. आणि हेही सांगतो की त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची दुसरी स्टिक वर्षानं आणली तरी आतल्या चिपा निराळ्या निघतात. लेबल तेच, माल वेगळा.

वालचंदचा पोरगा

टेबलवाले काका, एवढी भीती घालू नका. दोन्ही डीडीआर४, दोन्ही १.२ व्होल्टच्या, एक्सएमपी (जादा वेगाची सेटिंग) बंद. अशा साध्या रॅम साध्या बोर्डवर मिक्स करणं ही काय सर्कस नाही. सर्कस डीडीआर५ मध्ये आहे. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरला दोन स्टिकवर ५२०० चा वेग अधिकृत आहे, चार लावल्या की ३६००, तेही चारी सारख्या असताना!

माझ्या रूमवरचं मशीन ग्राफिक्स कार्डाशिवायचं रायझन. आधी एकच ८ जीबी होती. डिस्प्लेसुद्धा त्याच रॅममधून खातो, त्यामुळं दुसरी ८ टाकल्यावर गेममधला फरक डोळ्यांना दिसला. दोन्ही निराळ्या कंपन्यांच्या. दोन वर्षं झाली.

फ्लेक्सवाले दादा, ८ ऐवजी १६ ची मिळाली तरी घ्या. इंटेलच्या बोर्डवर ८ अधिक १६ लावली की पहिली ८-८ दोन चॅनेलवर चालते आणि उरलेली ८ एकावर. "साइज सारखीच पाहिजे" हे अर्धवट ज्ञान आहे. आणि नंतर सीपीयू-झेडमध्ये (मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम) १२०० दिसलं म्हणून घाबरू नका. ते घड्याळ, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून २४००.

हळदीचा हिशोब (मार्केट यार्ड)

तुम्हा सगळ्यांचं वेगावरच चाललंय. मी अडत दुकानाचे हिशोब लिहिते. मला मशीन सावकाश चाललेलं परवडतं, आकडा बदललेला परवडत नाही.

घरगुती रॅममध्ये चूक पकडायची सोय नसते, ती सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये असते. म्हणजे एक बिट उलटला तर ० चा १ होतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. फाइल चुकीच्या आकड्यासकट सेव्ह झाली तर? आमच्याकडं एकदा बॅकअपची झिप फाइल उघडेना. पेनड्राइव्हला शिव्या घालून झाल्या, शेवटी दोष रॅमचा निघाला. तेव्हापासून माझ्या मशीनमध्ये जोडीच, मग दोन महिने थांबावं लागलं तरी.

दादा, तुमचा फ्लेक्स बिघडला तर फार तर भाऊंचे नाक निळे होईल. पण "चालतंय की" हे सगळ्यांना सांगू नका.

फ्लेक्सवाला

ताई, भाऊंचे नाक निळे झाले तर माझं काय होईल याची तुम्हाला कल्पना नाही.

पण प्रश्न मिक्सचा नाही, तपासण्याचा आहे. जोडीतली एक स्टिकसुद्धा खराब निघू शकते. मग तपासावं आणि वापरावं, एवढंच माझं म्हणणं.

तासगावचे गुरुजी

माझ्याकडे जुन्या संगणकातील डीडीआर३ आहे. ती डीडीआर४ बरोबर बसेल काय?

वालचंदचा पोरगा

नाही सर. खाचच वेगळ्या जागी आहे, पिनाही २४० विरुद्ध २८८. जोर लावू नका, स्लॉट तुटेल.

मिरजेचा टेबलवाला

आणि गुरुजी, डीडीआर३ वाढवायची म्हणून ऑनलाइन स्वस्तातली ८ जीबी मागवू नका. त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडीच्या बोर्डवर चालतात, इंटेलवर मशीन चालूच होत नाही. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

फ्लेक्सवाल्या, तपासतो म्हणतोस ना, मग नीट तपास. विंडोज चालू झालं म्हणजे तपासलं असं नसतंय. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घे, त्यावरनंच मशीन चालू कर आणि रात्रभर सोड. यूपीएसवर, नाहीतर लाइट गेली की पहिल्यापासून. एक जरी लाल ओळ आली तरी नापास, "एवढंसं चालतंय" नाही. आणि स्टिक बसवायच्या आधी सोनेरी पट्टी खोडरबरानं पुस. पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात, माझा धंदा बुडाला तरी सांगतो.

फ्लेक्सवाला

चार दिवसांनी लिहितोय. मित्राकडून रॅम आणली, पट्ट्या पुसल्या, दोन्ही लावल्या. १६ जीबी दिसली, २४०० वर. रात्री मेमटेस्ट लावून घरी गेलो. सकाळी शटर उघडलं तर स्क्रीन लालेलाल.

म्हटलं, टेबलवाला जिंकला. मग नवी एकटी लावून दुसरी रात्र काढली, एकही चूक नाही. तिसऱ्या रात्री जुनी एकटी, तिच्याच स्लॉटमध्ये, जशी २०१८ पासून होती तशी. तासाभरात चुका. जुनी नव्या रॅमच्या स्लॉटमध्ये बसवून पाहिली, तिथंही तेच. म्हणजे कोरल बंद पडायचं ते मिक्समुळं नव्हतं, मिक्स तर तेव्हा नव्हतंच. मी इतके दिवस खराब रॅमवर लग्नपत्रिका छापत होतो.

मिरजेचा टेबलवाला

पहिल्याच दिवशी दुकानदार काय म्हणाला होता? जुनी काढा.

फ्लेक्सवाला

तो मिक्स चालत नाही म्हणून काढा म्हणाला होता. कारण चुकीचं होतं.

हळदीचा हिशोब

कारणाचं राहू द्या. त्या रॅमवर सेव्ह केलेल्या जुन्या फाइली उघडून बघितल्या का?

फ्लेक्सवाला

बघतोय ताई. २०२३ पर्यंत आलोय. दोन उघडत नाहीत.